हॉर्न जाऊ द्या, ब्रेकचा दिवा लागतो का?

मोटारीचं इंजिन बिघडलं की मालक नम्र होतो. बॉनेट उघडून तो आत डोकावतो खरा, पण आपल्याला यातलं काही कळत नाही हे त्याला मनातून ठाऊक असतं, म्हणून दोन पावलं मागे सरकून तो मेकॅनिकच्या तोंडाकडे बघत राहतो. क्लच, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर या सगळ्या खात्यांत हा विनय टिकतो. हॉर्नच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. हॉर्न आपण दिवसातून इतक्या वेळा वाजवतो की त्यातलं सगळं आपल्याला कळतं, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८०० चा हॉर्न एका सकाळी वाजेनासा झाला, की तपास सुरू होतो तो अंगठ्याने. आधी नेहमीसारखं दाबून बघायचं, मग जोरात, मग दोन्ही अंगठ्यांनी, मग तळहाताने मधोमध आणि शेवटी मुठीने कडेला. हॉर्नच्या बटणाला जोर कळत नाही. आतले दोन पत्रे एक तर एकमेकांना टेकतात किंवा टेकत नाहीत. पण सरकारी खिडकीपासून लिफ्टच्या बटणापर्यंत सगळीकडे दुसऱ्यांदा जोरात दाबलं की काम होतं, असा आपला अनुभव आहे, आणि तो मोटारीला लावल्यावाचून आपल्याला राहवत नाही. एवढं करून काही झालं नाही की निकाल लागतो: हॉर्न बदलून टाका. तपासाला सुरुवात झाली, निकालही लागला, मधला तपास तेवढा राहिला.

माझं म्हणणं असं, की न वाजणारा हॉर्न हा गाडीतला बहुधा सगळ्यात सोपा बिघाड आहे आणि तरीही तो भलत्याच जागी शोधला जातो. याला विजेचं अज्ञान फारसं जबाबदार नाही. आपण प्रश्नच उलटा विचारतो. ‘काय बिघडलंय?’ या प्रश्नाला दहा माणसं दहा उत्तरं देतात आणि त्यातलं एकही खोडून काढता येत नाही. ‘काय काय चालू आहे?’ या प्रश्नाला मात्र गाडी स्वतः उत्तर देते. ती खोटं बोलत नाही आणि सल्ल्याचे पैसेही घेत नाही.

आता वायरिंग बघू, कारण ‘वायरिंगमध्ये प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य आपल्याकडे ज्या गूढ आवाजात उच्चारलं जातं, तेवढं गूढ त्यात काही नाही. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली वीज फ्यूजमधून हॉर्नमध्ये जाते, हॉर्नमधून गाडीच्या पत्र्यात, म्हणजे वायरमनच्या भाषेत बॉडी अर्थला, आणि पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत येते. वाटेत कुठे तरी स्टिअरिंगवरचं बटण. काही गाड्यांत बटण आणि हॉर्न यांच्यामध्ये रिले नावाची लहानशी डबी असते. बटणाने रिले चालवायचा आणि रिलेने हॉर्न. कारण एक साधा हॉर्न तीन-चार अँपिअर खातो, जोडी असेल तर त्याच्या दुप्पट, आणि एवढा करंट बटणाच्या नाजूक पत्र्यांतून सारखा नेला तर ते जळतात. झालं, संपली वायरिंग. यात एकच गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक जुन्या गाड्यांत बटण अर्थच्या बाजूला बसवलेलं असतं. म्हणजे बटण दाबून आपण हॉर्नला वीज पाठवत नाही. वीज हॉर्नपर्यंत, किंवा रिले असेल तर रिलेपर्यंत, आधीच येऊन थांबलेली असते, आपण तिला फक्त बाहेर पडायची वाट देतो. म्हणून ‘हॉर्नपर्यंत करंट येतोय, म्हणजे वायरिंग ओके, हॉर्नच गेलाय’ हा निष्कर्ष कितीही आत्मविश्वासाने काढला, तरी अर्धाच खरा असतो. करंट येताना सगळ्यांनी पाहिला, जाताना कुणी पाहिला?

खुद्द हॉर्न हे यंत्र मोठं गमतीचं आहे. त्यात एक कॉइल असते, तिच्यासमोर पातळ पोलादी पडदा आणि मध्ये दोन पॉइंट. करंट आला की कॉइलचं लोहचुंबक होतं आणि ते पडद्याला ओढतं. पडदा ओढला गेला की त्याच हालचालीने पॉइंट उघडतात. पॉइंट उघडले की करंट बंद, चुंबक बंद, पडदा परत जागेवर. जागेवर आला की पॉइंट पुन्हा टेकतात आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा होतं आणि त्या थरथरीला आपण हॉर्न म्हणतो. स्वतःचा वीजपुरवठा सेकंदाला चारशे वेळा स्वतःच तोडायचा आणि त्यावरच पोट भरायचं! भारनियमनाचं इतकं सार्थक दुसरीकडे कुठे झाल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेत १९०८ च्या सुमारास आलेला ‘क्लॅक्सन’ जरा निराळा होता. त्यात मोटरवर फिरणारं दातेरी चाक पडद्यावरच्या खिळ्याला ठोकत जाई. तो शोधून काढणारे मिलर रीझ हचिसन यांनी त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांची सोय करून झाल्यावर, ज्यांना ऐकू येत होतं त्यांच्याकडे ते वळले.

या रचनेतूनच हॉर्नचे स्वतःचे आजार कळतात आणि ते मोजकेच आहेत. पॉइंटवर कार्बन धरतो, आत पाणी गेलं की गंज चढतो, नाही तर झिजेमुळे पॉइंटमधलं अंतर बदलतं. क्वचित कॉइल जळते. हॉर्नला पान्याने हलकेच दोन टोले दिले की कधीकधी तो एकदम ओरडतो, त्यातही चमत्कार नाही. धरलेले पॉइंट सुटतात, इतकंच. मात्र टोल्याने उठलेला हॉर्न पुन्हा झोपणार हे गृहीत धरावं. मागच्या बाजूला, बहुधा रंगाचा किंवा मेणाचा ठिपका देऊन बंद केलेला, एक लहान स्क्रू असतो. तो पाव आटा इकडे किंवा तिकडे केला तर बसलेला आवाज सुटतो. पाव म्हणजे पावच. हा स्क्रू हाती लागलेल्या माणसाला पाव आट्यावर थांबवणं अवघड असतं, आणि पूर्ण दोन आटे फिरवून झाल्यावर ‘मी म्हटलंच होतं, हॉर्न गेलाय’ हे भाकीत तो स्वतःच खरं करून दाखवतो.

पण हॉर्नपर्यंत पोचायची घाई नको. आधी गाडीत बसून, काहीही न उघडता, ब्रेक दाबावा आणि मागचा दिवा लागतो का ते कुणाला तरी बघायला सांगावं. हा सल्ला ऐकून लोक सल्ला देणाऱ्याकडे संशयाने बघतात. पण अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नचा फ्यूज आणखी कशाला तरी जोडलेला असतो, बऱ्याचदा ब्रेकच्या नाही तर धोक्याच्या दिव्यांना. कोण कुणाबरोबर आहे ते फ्यूजच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, झाकण शिल्लक असेल तर. जोडीदार चालू असेल तर फ्यूज शाबूत. जोडीदारही बंद असेल तर हॉर्न सोडा, आधी फ्यूज बघा. एका पायाच्या दाबाने निम्मी शंका मिटते. पात्याचा फ्यूज असेल तर बाहेर काढून उजेडात धरला की आतली तार तुटलेली दिसते. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. तुटलेला असेल तर त्याच रंगाचा दुसरा घालायचा, हाताला लागेल तो नव्हे. जुन्या फियाट घराण्यातल्या गाड्यांत पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज असत. त्यांच्या टोकांना गंज धरे आणि फ्यूज धडधाकट असूनही वीज पुढे जात नसे. बोटाने जागच्या जागी फिरवला की चालू! हे ज्ञान असलेले लोक त्या काळी फार मोठे समजले जात.

फ्यूज ठीक असेल तर पुढचा पुरावा कानाने गोळा करायचा. एकाने बटण दाबावं आणि दुसऱ्याने रिलेपाशी कान द्यावा. प्रत्यक्षात एक जण दाबतो आणि सोसायटीतले सहा जण पुढे उभे राहून मागच्या वेळी त्यांच्या गाडीचं काय झालं होतं ते सांगत असतात, त्यामुळे ‘टक्’ असा बारीक आवाज ऐकू यायला आधी ते सहा जण थांबावे लागतात. रिले ‘टक्’ करत असेल तर बटण, स्टिअरिंग आणि रिलेची कॉइल यांना त्या क्षणी निर्दोष सोडावं. दोष रिलेच्या आतल्या पॉइंटपासून पुढे हॉर्नपर्यंत, नाही तर हॉर्नच्या अर्थमध्ये. ‘टक्’ आला नाही तर उलट दिशेला जावं. रिलेच नसेल तर हॉर्नच्या दोन वायरींपैकी जी बटणाकडे जाते, ती हॉर्नवरून काढून तिच्या जागी साधी वायर लावावी आणि त्या वायरीचं दुसरं टोक स्वच्छ खरवडलेल्या पत्र्याला टेकवावं. हॉर्न वाजला तर बॅटरी, फ्यूज आणि हॉर्न हे तिघं सुटले, राहिलं स्टिअरिंग. (प्लसची वायर चुकून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडेल आणि मग दोन बिघाड शोधायला लागतील, तेव्हा आधी ओळख पटवून घ्यावी.) एका वायरीने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते. दर वेळी उरलेल्याचे दोन भाग करायचे आणि चालू असलेला भाग बाजूला ठेवायचा, एवढीच ही पद्धत आहे. चार पायऱ्यांच्या आत ती चोराच्या घरापर्यंत नेऊन सोडते.

स्टिअरिंगकडे दोष आला तर त्याचंही कारण सरळ आहे. चाक फिरतं आणि खालचा कॉलमचा खोका फिरत नाही. फिरणाऱ्याकडून न फिरणाऱ्याकडे वीज न्यायची, म्हणून तिथे पितळी कडं आणि त्यावर घासत राहणारा स्प्रिंगवरचा ब्रश असतो. वर्षानुवर्षं घासून कडं झिजतं, काळं पडतं, स्प्रिंग मरगळते. मग हॉर्न पूर्ण बंद पडण्याआधी विचित्र वागू लागतो. सरळ जाताना वाजत नाही, उजवीकडे वळताना वाजतो. ही लक्षणं म्हणजे गाडीने स्वतःहून दिलेला कबुलीजबाब असतो, पण मालक तो वाचण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेतो. हॉर्न हवा असेल तेव्हा स्टिअरिंग थोडं कलतं करायची सवय लावून घेतो आणि समोरचा सायकलवाला गाडी अंगावर येते म्हणून आधीच बाजूला होतो, म्हणजे हॉर्नचं काम हॉर्नशिवाय होऊन जातं. एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र या भागाला घरी हात लावायचा नाही. तिथे ब्रशऐवजी गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग असते, आणि शेजारी पिवळ्या कनेक्टरमागे स्फोटाची तयारी करून बसलेली पिशवी. हॉर्न वाजेल की पिशवी उघडेल हा प्रयोग कुणी करू नये.

या सगळ्यांत कमी संशय ज्याच्यावर घेतला जातो आणि ज्याच्यावर आधी घ्यायला हवा, तो अर्थ. पुष्कळशा हॉर्नना एकच वायर असते. त्यांचा परतीचा मार्ग म्हणजे त्यांना धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आणि तिचा एक बोल्ट. या बोल्टखाली गंज धरला की हॉर्न मुका. कोकणात पावसाळा काढलेल्या गाडीत हे व्हायचंच. पण गंजाहून लबाड शत्रू म्हणजे नवा रंग. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते, पुढचा पत्रा ठोकून सरळ होतो, त्यावर दोन हात रंग बसतो आणि हॉर्न त्या रंगावरच आवळला जातो. रंगातून वीज जात नाही. गाडी लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत होऊन घरी येते आणि हॉर्न बंद. मालक म्हणतो, रंगाचा आणि हॉर्नचा काय संबंध? संबंध बोल्टच्या डोक्याएवढ्या जागेपुरता आहे. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासली की हॉर्न वाजतो. दुसरी गंमत हॉर्नच्या तोंडाची. शंखासारखा हॉर्न असेल तर त्याचं तोंड खाली ठेवायचं असतं, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळतं. बदलताना कुणी ते ऐटीत वर तोंड करून बसवलं, तर पहिल्या पावसातच त्याचा तांब्या होतो. आणि हॉर्नचा अंगचा पत्रा ग्रिलला किंवा बंपरला टेकला, तर तो वाजतो पण घसा बसल्यासारखा, आणि त्याच्यावर ‘हॉर्न म्हातारा झाला’ असा शेरा पडतो.

इथे शिकलेल्या माणसांचा एक आक्षेप येतो. ‘अंदाजपंचे कशाला? मीटर लावला, हॉर्नच्या टोकाला बारा व्होल्ट दिसले, म्हणजे सिद्ध झालं!’ मीटरबद्दल मला आदर आहे, पण या कामात त्याच्यावर विश्वास ठेवताना सावध राहायला हवं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे वायरीचे सगळे पदर गंजून एकच शिल्लक असला, तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. अशी वायर म्हणजे ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणणारा नातेवाईक: मागितलं नाही तोवर पूर्ण बारा व्होल्ट, चार अँपिअर मागितले की गायब. हिशेबच करायचा तर चार अँपिअरचा हॉर्न म्हणजे सुमारे तीन ओहमचा भार. वाटेत गंजाने एक ओहम वाढवला की हॉर्नला बाराऐवजी नऊच व्होल्ट मिळतात, आणि तो चिरकतो किंवा नुसता खरखरतो. म्हणून जुन्या वायरमनच्या खिशातला टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला गाडीचाच एखादा बल्ब आणि दोन वायरी, मीटरपेक्षा खरं सांगतो. बल्ब पेटायला करंट लागतो, आणि कमी मिळाला तर तो मिणमिणतो. मात्र एलईडीवाला टेस्टर घेतला तर पुन्हा तोच घोळ. मीटर वापरायचाच असेल तर हॉर्न जोडलेला ठेवून आणि बटण दाबलेलं असताना वापरावा.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. नव्या गाडीत बिघाड हा बिघाड असतो. जुन्या गाडीत तो पुष्कळदा आधीच्या कुणाचा तरी उपाय असतो. हॉर्नच्या सर्किटचा एक उलटा आजार आहे. बटण अर्थच्या बाजूला असल्यामुळे, स्टिअरिंगकडे जाणाऱ्या वायरीचं आवरण कुठे सोललं आणि ती पत्र्याला टेकली, की कुणी न दाबता हॉर्न वाजू लागतो, आणि थांबत नाही. उंदराने बॉनेटखाली मुक्काम केला तर हे त्याच्या हातूनही, म्हणजे दातांतून, घडतं. रात्री दोन वाजता इमारतीखाली असा हॉर्न सुरू झाला, की मालक गॅलरीतल्या चाळीस डोळ्यांसमोर धावत येतो, अंधारात हाताला लागेल ती वायर उपटतो, आणि शांतता होते. ती वायर तशीच राहते. पुढे गाडी विकली जाते, पुन्हा विकली जाते, आणि तिसरा मालक ‘हॉर्न का वाजत नाही’ याचा शोध घेत फिरतो. बिघाड सापडणार नाही, कारण तो बिघाड नाहीच, पहिल्या मालकाची सुटका आहे. तसंच फ्यूजचं. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून भागवलेली असते. ती कधी वीज नेते, कधी नेत नाही, आणि खरा शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी वायर जाळते. आणि बटणाचं तर काय सांगावं! स्टिअरिंगमधलं बटण गेलं की डॅशबोर्डला भोक पाडून घराच्या दारावरच्या बेलचं बटण बसवणं हा आपल्या रस्त्यांवरचा जुना आणि मान्यताप्राप्त तोडगा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण दारावरच्या बेलने वाजणारे हॉर्न त्यांच्याबरोबर गेले असतील असं समजायचं कारण नाही. अशा गाडीत कंपनीचा वायरिंगचा नकाशा उघडून बसणं व्यर्थ आहे. कंपनीने काय जोडलं होतं ते त्यात असतं, नंतरच्यांनी काय तोडलं ते नसतं. म्हणून आधी डोळ्यांनी बघावं: लोंबणारी वायर, काळी टेप, कंपनीच्या रंगांशी न जुळणारा एखादा लाल तुकडा. काळी टेप दिसली की तिथे काही तरी घडून गेलेलं आहे.

‘एवढं सगळं कशाला?’ हा व्यवहारी माणसाचा आक्षेप. हॉर्न स्वस्त असतो, विकत आणावा, बसवावा, मोकळं व्हावं. निम्म्या वेळा हे जमूनही जातं आणि म्हणूनच ही पद्धत घातक आहे. दोष अर्थमध्ये असेल तर नवा हॉर्नही गप्पच राहतो. मग ‘नवा हॉर्नच डिफेक्टिव्ह निघाला’ असं ठरतं आणि दुकानदाराशी भांडण होतं. तो दुसरा देतो, तो बसवताना बोल्ट घासला जातो, हॉर्न वाजतो, आणि पहिला नवा हॉर्न खराब होता हे कायमचं सिद्ध होतं. वाजतो त्या कारणाचं श्रेय भलत्यालाच जातं. खर्चाचा क्रमही बघण्यासारखा आहे. ब्रेक दाबायला पैसे पडत नाहीत, ‘टक्’ ऐकायला पडत नाहीत, बोल्ट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. फुकटचे तीन पुरावे सोडून विकतच्या चौथ्यापासून सुरुवात करण्याला व्यवहार म्हणत असतील, तर या बाबतीत अव्यवहारी राहणं परवडतं.

दुसरा आक्षेप वायरमनच्या बाजूने येतो. त्याला हे तर्कशास्त्र लागत नाही, तो हात लावतो आणि सांगतो. खरं आहे. पण तो पहिल्यांदा काय करतो ते नीट पाहावं. बॅटरीपासून एक वायर घेतो आणि हॉर्नला ‘डायरेक्ट’ देतो. वाजला की हॉर्नकडे पाठ फिरवून तो फ्यूजकडे वळतो. सर्किटचे दोन भाग करण्याचीच ही युक्ती आहे, फक्त तो तिला नाव देत नाही. त्याला चुकवतं ते गिऱ्हाईक. कारण गिऱ्हाईक गाडी आणताना लक्षण सांगत नाही, निदान सांगतं. ‘सकाळी वाजत नाही, दुपारी वाजतो’ असं म्हणालं असतं तर वायरमनने बॅटरी पाहिली असती. इंजिन बंद असताना चिरकणारा आणि चालू केल्यावर, अल्टरनेटरचे चौदा व्होल्ट मिळताच, मोकळा होणारा हॉर्न म्हणजे बॅटरीची तक्रार असते. पण गिऱ्हाईक म्हणतं, ‘हॉर्न बदला.’ तो बदलतो. त्याचाही संसार आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. हॉर्न बंद पडला तर पडू द्यावा, शहरात तेवढीच शांतता! मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडल्याचं जाहीर केलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलवर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. त्याआधी २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आणली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला नितीन गडकरी यांनी हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा वाद्यांचे सूर यावेत असा विचार मांडला. तसं झालं तर तबला उतरला की अर्थ घासायचा की हातोडी मारायची, हा प्रश्न वायरमनपुढे उभा राहील. पण हॉर्नविना गाडी चालवणं हा शांततेचा मार्ग नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११९ व्या नियमाप्रमाणे गाडीला विजेवर चालणारा हॉर्न हवाच, आणि तोच नियम कर्कश किंवा सुरांची मालिका वाजवणारे हॉर्न नको म्हणतो. वरंधा घाटात आंधळ्या वळणावर समोरून एसटी येत असताना कायद्याची आठवण करून द्यायला कुणी लागत नाही. म्हणजे हॉर्न असावा, एकाच सुरात असावा आणि बहुतेक वेळ गप्प असावा. शेवटची अट आपण पाळत नाही, त्याची शिक्षा वायरिंगला कशाला? आणि ‘दुरुस्ती करतोच आहोत तर जरा दणदणीत बसवू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की मोठे हॉर्न जास्त करंट ओढतात. मूळच्या वायरीवर, रिलेशिवाय, ते बसवले तर थोड्या दिवसांत बटणाचे पत्रे जळतात आणि तपास पुन्हा ब्रेकच्या दिव्यापासून सुरू करावा लागतो.

तेव्हा जुन्या गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला असेल तर अंगठ्याला विश्रांती द्या, ब्रेक दाबा, कान द्या, बोल्ट घासा आणि काळी टेप शोधा. मग पाकीट काढा. दुरुस्त झाल्यावर खात्रीसाठी एकदा वाजवायला हरकत नाही. दुसऱ्यांदा वाजवायला मात्र कारण हवं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ प्रमाणे गरज नसताना हॉर्न वाजवण्याचा दंड पहिल्या वेळी १,००० रुपये आणि त्यानंतर २,००० रुपये आहे.